तीन कोडी ठोके

हलिमाखाला, तू गेल्याचं नजीरने फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्या धूत होते. त्याने आधी माझी चौकशी केली, मग माझ्या आईच्या गुडघ्यांची केली, मग मुंबईत फार उकडतंय का ते विचारलं. तुझाच मुलगा तो. वाईट बातमी सांगायची तरी आधी पाटपाणी करणार. मग म्हणाला, "मां गेली. दुपारची आडवी झाली होती, ती उठलीच नाय." मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. उरलेल्या पट्ट्या धुतल्या, पुसल्या, डब्यात लावल्या, आणि डब्याचं झाकण बसेना तेव्हा रडायला आलं.

त्याला आज सहा दिवस झाले. मी हे लिहितेय ते मुंबईच्या इस्पितळातल्या एका लाकडी बाकावर बसून. समोरच्या दाराआड तुझी बहीण झोहरा आहे, आणि तिच्या छातीत पेसमेकर बसवताहेत. तुला धीर नाही हे मला माहीत आहे, पण तिचं शेवटी सांगते. आधी तुझ्याशी बोलायचंय. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की तू मला मध्येच तोडायचीस. आज पहिल्यांदाच सलग बोलायला मिळतंय, आणि ते अजिबात बरं वाटत नाही.

आपली पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी. मी दापोलीला घरी आले होते. बाबांना पापलेटची हुक्की आली, म्हणून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून हर्णेला आले. लिलाव ऐन रंगात होता. नजीर होडीतून पाट्या आणून तुझ्यापुढे ठेवत होता. पाटी खाली ठेवल्यावरही त्याची दोन्ही कोपरं दुमडलेलीच राहिली. चालताना त्याच्या टाचा वाळूला टेकत नव्हत्या. पाटीतून एक मासा निसटून पडला, तो उचलायला तो मान न वाकवता सगळाच्या सगळा कमरेतून वाकला. मी तिथेच थांबले. महिन्यापूर्वी मुंबईला आमच्या प्रयोगशाळेत एका माणसाच्या स्नायूचा तुकडा तपासायला आला होता, आणि तो माणूस दारातून आत येताना मी पाहिला होता. अगदी असाच.

शहाणपणा करायची सवय मला लहानपणापासून. मी सरळ तुझ्यापुढे येऊन उभी राहिले आणि विचारलं, "यांचे हात लहानपणापासून असेच आहेत का?"

"असे म्हणजे कसे?"

"वाकलेले."

तू पापलेटांवरून हात काढलास आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलंस. "जाळं ओढणाऱ्याचा हात असाच असतो. आमच्या आजोळचा हात हाय तो. माझ्या भावाचा असाच, माझ्या दोन मामांचा असाच. आमच्यात सोयरिकीला आले की आधी पोराचं कोपर बघायचे. हात सरळ सुटला म्हणजे समजायचं पोरगा आळशी."

"तुमचे भाऊ कुठे असतात? त्यांनाही बघायला मिळेल का?"

"दर्यात गेलाय."

"कधी परत येतील?"

"बारा वर्षं झाली," तू म्हणालीस, "अजून आला नाय." आणि बाबांना पापलेट नेहमीपेक्षा महाग लावलंस.

तिसऱ्या दिवशी तू एसटीने दापोलीला आलीस. आमचं घर कसं शोधलंस देव जाणे. दोन सुरमया आईच्या हातात दिल्यास, ओटीवर बसलीस आणि म्हणालीस, "त्या हाताचं काय म्हणत होतीस?" मी म्हटलं, "तुम्ही आत तरी या." तू म्हणालीस, "तू मना तुम्ही म्हणू नको. तुम्ही म्हटलंस की मना पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटतं." मग खरं काय ते सांगितलंस. नजीर दोन महिन्यांत दोनदा पडला होता. एकदा होडीत, एकदा वाळूत. ठेच नाही, घसरणं नाही, उभ्याचा खाली. लोकांना तू सांगितलंस की त्याने उपास केला होता. दर्याला माणसं देऊन झालेली बाई मुलाला वाळूवर पडताना बघते तेव्हा तिला काय कळतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तुला मात्र सगळं कळून चुकलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

मी वही काढली. आमच्या कामात घराण्याचा नकाशा काढतात, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळं. तू सांगत गेलीस, मी काढत गेले. कासम, तुझा भाऊ. त्याच्या चौकोनापुढे मी लिहिलं, बुडून मृत्यू. दोन्ही मामांपुढे तेच. बुडालेल्या माणसांचा आमच्या आजाराशी काय संबंध, म्हणून त्यांना बाजूला ठेवून मी पुढे निघाले. तू म्हणालीस, "काय लिहिलंस ते वाच." मी वाचलं.

"खोटं हाय ते."

"तूच म्हणालीस ना दर्यात गेला म्हणून?"

"दर्यात गेला. बुडला नाय." तू पदर सावरून बसलीस. "त्या होडीवर माझा नवरा होता. धप्प आवाज आला म्हणून त्यानं वळून बघितलं. कासम तोंड खाली करून तरंगत होता. हात पण मारला नाय त्यानं. बाय, आमची पोरं चालायच्या आधी पोवतात. जिता माणूस पाण्यात पडला तर हात मारतो. माझा भाव पडायच्या आधीच गेला होता. मामा पण तसेच गेले, हात न मारता."

"हे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

खाला, मी त्यानंतर पुष्कळ शिकलेल्या माणसांबरोबर काम केलं. दिसतं तसं सांगायचं आणि ऐकलेलं त्यात मिसळायचं नाही, हे मला शिकवलं तू, त्या ओटीवर. मी तीन ठिकाणी काट मारली आणि लिहिलं, अचानक मृत्यू, कारण बहुधा हृदय. तेवढ्याने सगळा नकाशा बोलायला लागला. मरणारे सगळे पुरुष, आणि प्रत्येकाकडे जाणारी रेघ एका बाईतून आलेली.

नजीरची नाडी मोजली तेव्हा मिनिटाला छत्तीस भरली. दापोलीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि कागद हातात घेऊनच ते म्हणाले, याला आजच्या आज मुंबईला न्या. आजाराचं नाव तुला कधी उच्चारता आलं नाही आणि मलाही ते सांगताना दम लागतो. हात, टाचा, मान आखडतात ते नुसतं दिसतं. जीव घेतं ते हृदय. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाही, ठोके संथ होतात, आणि एक दिवस पुढचा ठोका येतच नाही. त्यावर पेसमेकर हाच उपाय. नजीरला तो बसला. तुझा मुलगा आज चाळिशीला आलाय. तुझ्या घराण्यातला वाकड्या हाताचा दुसरा कुणी पुरुष चाळिशी बघायला राहिला नव्हता.

त्या मुक्कामात तू आमच्या प्रयोगशाळेत आलीस. मला अजून हसू येतं. तू आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणलेस, पिशवीभर. सोडे बाहेर ठेवले तर वास सुटेल, म्हणून मी ते नमुन्यांच्या फ्रीजरात एका कोपऱ्यात सरकवले. मॅडमना दुसऱ्या दिवशी सापडले. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून नमुन्यांच्या पावित्र्यावर अर्धा तास झापलं, आणि संध्याकाळी मला एकटीला बोलावून विचारलं, "हे भिजवायचे किती वेळ?" पुढे दरवर्षी सोडे आले ते मॅडमच्याच नावाने. प्रयोगशाळेच्या फ्रीजरात पुन्हा कधी गेले नाहीत, एवढं मात्र लिहून ठेवते.

तुझ्या आणि नजीरच्या गालाच्या आतून मी लाकडी काडीने थोड्या पेशी खरवडून घेतल्या होत्या. त्या काचेच्या पट्टीवर पसरून रंगवल्या आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. तुला मी माझ्या परीने समजावलं. पेशीच्या पोटात केंद्रक असतं, आंब्यात बाठा असतो तसं. त्या केंद्रकावर पडदा असतो, आणि पडद्याच्या आतल्या अंगाला एमेरिन नावाचं प्रथिन असतं. ते असेल तर हिरवं कडं चमकतं. नजीरच्या पेशींत एकही कडं नव्हतं. तुझ्या पेशी बघायला तू एक डोळा मिटलास, मग दुसरा मिटलास, मग दोन्ही मिटलेस, आणि शेवटी एकदाचं दिसलं. काही केंद्रकांना हिरवं कडं होतं, काहींना नव्हतं.

"सांजच्या बंदरात होड्या लागल्यागत," तू म्हणालीस. "काहींनी बत्त्या लावल्यात, काहींनी नाय."

मी सांगितलं की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या बाईला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात, आणि तिची प्रत्येक पेशी त्यातली एकच वापरते. तुझी एक चांगली आहे, एक बिघडलेली. पुरुषाला मुळात एकच मिळते, आणि ती आईकडून. हे बोलताना मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मुलाचं दुखणं आईकडून आलंय हे सांगायचं कसं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. तू नळीला डोळा लावलेलाच ठेवलास. मग म्हणालीस, "माझ्या आईनं मना दिलं. तिला तिच्या आईनं. कोण कुणाला शिव्या देणार?" आणि लगेच तुझा तो प्रश्न आला, ज्यावर आपण पुढे दहा वर्षं भांडलो.

"नजीरच्या गालात एक पण बत्ती नाय. बरोबर?"

"बरोबर."

"मग गालाला काय झालं? गाल आखडला काय? तोंड तर दिवसभर चालू असतं त्याचं."

मी म्हटलं, हे प्रथिन जवळपास सगळीकडेच असतं, कातडीत, गालात, यकृतात. ते नसलं तरी त्या जागांना काही होत नाही, स्नायूला आणि हृदयालाच होतं. का, ते कुणालाच नीट माहीत नाही. बहुधा स्नायू सारखा ओढला जातो, हृदय सारखं हलतं, म्हणून पडदा फाटत असेल. तू मान हलवलीस. तुझं असं मान हलवणं म्हणजे समोरच्याचा निकाल लागलेला असायचा.

"ओढण्याचं कारण नाय ते. बघ, होडीवर एक खलाशी आला नाय, म्हणून सगळ्या होड्या किनाऱ्याला बसून राहतात काय? ज्या होडीवर त्याचं काम येणारा दुसरा कोण असतो, ती होडी जाते. जिच्यावर नसतो, ती जात नाय. गालाच्या होडीवर दुसरा कोणतरी हाय. छातीच्या होडीवर नाय."

"खाला, तसं नसतं. पडदा सगळीकडे सारखाच असतो."

"तू सगळ्या होड्यांवर चढून बघितलंस?"

मी हसले. मॅडमनाही सांगितलं, त्याही हसल्या. प्रेमाने हसलो, पण हसलो. दर सुट्टीत हर्णेला आले की तू विचारायचीस, "मिळाला काय तुझा दुसरा खलाशी?" आणि मी काहीतरी बोलून विषय बदलायची.

मी बाकीच्या नातेवाइकांची यादी कागदावर करत बसले होते, तू ती पायी करायला घेतलीस. मी तुला सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं आणि नाडी कुठे धरायची ते दाखवलं. पण शंभरापर्यंतचे आकडे मोजताना तू मध्येच घसरायचीस. मग तू स्वतःच तोड काढलीस. बोंबील मोजतात तशी नाडी कोडीत मोजायची. कोडी म्हणजे वीस. मिनिटाला तीन कोडी भरल्या तर माणूस ठीक. अडीचच्या खाली आला तर मला फोन. दोनच्या खाली आला तर फोनबिन नाही, पहिल्या गाडीने दापोली. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आपण छापलेल्या सूचनांपेक्षा हे सोपं आहे. तू आजोळच्या सगळ्या घरांत गेलीस, पुरुषांची मनगटं धरलीस, ओठांतल्या ओठांत मोजलंस. लोक चेष्टा करायचे. हलिमा आता डाक्टरीण झाली म्हणायचे. तू म्हणायचीस, "हो झालंय. हात दे."

आणि लतीफ. झोहराचा मुलगा, बोटीवर कामाला. आखातातून सुट्टीवर आला होता, पंधरा दिवसांनी परत बोटीवर चढायचा होता. त्याचं कोपर अगदी किंचित वाकलेलं. बोटीवर घेताना डॉक्टरने त्याची संथ नाडी बघून म्हटलं होतं, खेळाडूची नाडी आहे. तू दाभोळला गेलीस. झोहराने तुला काय काय ऐकवलं ते तू मला कधी पुरतं सांगितलं नाहीस. जेवढं सांगितलंस तेवढं पुरे होतं. "तुझा पोरगा घरी बसला म्हणून माझा पण बसवतेस?" असं ती म्हणाली होती. तू तिच्या पायरीवर बसलीस. सकाळपासून दुपारपर्यंत चहा नाही, पाणी नाही. शेवटी लतीफच वैतागून बाहेर आला आणि मनगट पुढे करून म्हणाला, "मोज नी जा."

दोन कोडीला दोन कमी.

त्याला पेसमेकर बसला आणि बोट कायमची सुटली. छातीत यंत्र असलेल्या माणसाला बोटीवर कोण घेणार? झोहरा दोन वर्षं तुझ्याशी बोलली नाही. मी तुला एकदा विचारलं, तुला वाईट वाटत नाही का? तू म्हणालीस, "बोलत नाय तर नाय. पोरगा समोर दिसतोय ना तिला? मग मना शिव्या देऊ दे." लतीफने दापोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं द्यायला झोहरा स्वतः तुझ्या दारात आली. तू तिला बसही म्हणाली नाहीस. आधी सवयीने तिचं मनगट धरलंस, असं नजीर सांगतो. मला हे तू गेल्यावर कळलं.

इथून पुढचं लिहायला मला जड जातंय, पण ते लिहिण्यासाठीच बसले आहे.

त्या पहिल्या वर्षी, अंधाऱ्या खोलीतून बाहेर येताना, तू मला विचारलं होतंस, "निम्म्या बत्त्या विझल्यात, मग मना काय होणार?" आणि मी म्हटलं होतं, "बायकांना काही होत नाही, खाला. बायका फक्त पुढे देतात." तेव्हा आम्ही सगळेच तसं समजत होतो, ही सबब मला आहे. पण पुढे चार-पाच वर्षांनी मी वाचलं होतं की अशा काही बायकांच्या हृदयालाही वय वाढलं की तोच त्रास होतो, म्हणून त्यांचाही कार्डिओग्राम अधूनमधून काढावा. वाचलं, खाली पेन्सिलने रेघ मारली, आणि कागद फायलीत लावला. त्या कागदावरच्या बायका होत्या, खाला. तू माझी खाला होतीस. तुला काही होईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्या बाईने मला वहीतलं "बुडून मृत्यू" वाचून दाखवायला लावलं, तिला मी माझी रेघ वाचून दाखवली नाही.

गेल्या शिमग्याच्या आधी तुझा फोन आला होता. सोडे पाठवतेय म्हणालीस. ठेवता ठेवता म्हणालीस, "मना हल्ली जरा अंधारी येते गो." मी म्हटलं, "खाला, साखर तपास. आणि वेळेवर जेव." तू म्हणालीस, "बरं." तू वाद घातला नाहीस, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. नजीर आता सांगतो की बंदरावरून वर येताना तू अर्ध्या वाटेत टेकायचीस, आणि कुणी विचारलं तर पाटी जड झाली म्हणायचीस. पाटी रिकामी असायची. सगळ्या गावाची नाडी मोजणारी तू, स्वतःची मोजलीस का? नजीरला माहीत नाही. मोजली नसशील, कारण बायकांना काही होत नाही असं मी सांगितलं होतं आणि माझं तू खरं मानायचीस. भांडायचीस, पण खरं मानायचीस. तुझं हृदयच थांबलं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कुणी तपासलं नाही. पण तूच शिकवलंस, दिसतं तसं सांगायचं. मला दिसतंय ते हे असं आहे.

आणखी एक राहिलंय. तुझा दुसरा खलाशी.

गेली दोन-तीन वर्षं आम्ही शरीरातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून तेच बघतोय. कातडी, यकृत, स्नायू, हृदय, रक्त. केंद्रकाचा पडदा सगळीकडे सारखा असतो, असं मी तुला ठासून सांगितलं होतं ना? नसतो. काही प्रथिनं सगळीकडे असतात, पण कितीतरी अशी आहेत की ती स्नायूच्या पडद्यावर भरपूर आणि यकृताच्या पडद्यावर नावालाही नाहीत, किंवा याच्या उलट. आम्हीच नाही, दुसरीकडेही लोकांना हेच दिसतंय. प्रत्येक ठिकाणची टोळी वेगळी आहे. तेव्हा एक गडी गैरहजर राहिला तर कुठे त्याचं काम दुसरा उचलतो, कुठे उचलणारं कुणी नसतं, हे आता शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने बोलतात. निकाल अजून पुरता लागलेला नाही. ओढाताणीचंही त्यात काही असेलच, माझं अगदीच सगळं चुकलं असं नाही, एवढा हट्ट मला करू दे. पण सगळ्या होड्यांवर चढून बघितलंस का, हा तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं. मॅडमना मी गेल्या महिन्यात म्हटलं, हे हलिमाखाला दहा वर्षांपूर्वी म्हणाली होती. त्या म्हणाल्या, "तिला कळवलंस का?" मी ते या मेमध्ये हर्णेला येऊन सांगणार होते. तुझा चेहरा बघायचा होता मला. तू "मी सांगत नव्हते?" असं म्हणाली नसतीस. नुसती मान हलवली असतीस आणि चहा टाकायला उठली असतीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी हर्णेला पोचले. अंगणात माणसं होती, लतीफ पाणी देत होता. आत बायकांत झोहरा बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मी हलिमाखालाला चुकीचं सांगितलं. नंतर बरोबर काय ते मला कळलं, तरी तिला सांगितलं नाही. ती फोनवर अंधारी येते म्हणाली, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. बोलताना माझ्याच कानांना माझं बोलणं अहवालासारखं लागत होतं, पण थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. झोहरा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ही आता उठेल आणि मला दाराबाहेर काढेल. काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"ही चूक तिला माहीत होती की तुना एकटीला?" तिने विचारलं.

"मला एकटीला."

"मग ती गेली तेव्हा तुझ्यावर रागावून गेली नाय." मग म्हणाली, "मना पण अंधारी येते. कुणाला बोलले नाय. आता काय करायचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दापोलीला गेलो. कार्डिओग्रामच्या कागदावर वरच्या कप्प्याची रेघ एकीकडे आणि खालच्याची दुसरीकडे चालली होती, नजीरच्या कागदावर होती तशीच. झोहराने तो कागद उलटसुलट करून बघितला आणि लतीफला म्हणाली, "माझ्याकडून आलेल्या दुखण्यानं तुझी बोट सुटली असं म्हणत होतास ना? बघ, माझी पण सुटली." लतीफ रडला. ती नाही रडली.

लिहिता लिहिता दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालंय म्हणाले. मग मला नातेवाईक समजून जरा रागावले, इतके दिवस चक्कर येत होती तर आणलं का नाही, अजून थोडे दिवस गेले असते तर ही बाई झोपेतच गेली असती. मी म्हटलं, "हो." मी त्यांना सांगितलं नाही की एक गेली, आणि तिनेच हिला इथवर आणलं.

आत जाऊन आले. झोहरा जागी आहे. तिने चहा मागितला, तो अजून द्यायचा नाही म्हटल्यावर नर्सशी भांडली. अगदी तुझीच बहीण. तुझ्यामुळे ती वेळेत आली, खाला. तुला मी आणलं नाही.